देविदासनं आधी आवाज निवडला

आमच्या कनेरगाव नाक्यावर कुणी नवी चप्पल घातली तरी तिच्यावर आठवडाभर बोलणं होतं. मग देविदास राठोडनं क्रूझर मोटारसायकल आणली तेव्हा काय झालं असेल, ते तुम्हीच ओळखा. दोन हजार सातची गोष्ट. लांब हँडल, पुढं निघालेलं चाक, घोंगडीची घडी टाकावी तशी ठेंगणी सीट, अन् त्यावर आमचा देविदास, पाय पुढं सोडून, राजासारखा. मागं मात्र दोन्ही बाजूंना गाठोडी. त्यात कासरे, म्होरक्या, गोंडे, घुंगरमाळा, घंटा. बैलांचा साज विकायचा हाच त्याचा धंदा. हिंगोली, औंढा, डोंगरकडा, जिथं बाजार तिथं देविदासचं फडकं अंथरलेलं. गाडी हिंगोलीच्या एका गुत्तेदाराच्या पोरानं वापरून सोडलेली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. पुढं जे झालं त्यात कंपनीची काही चूक नव्हती.

मी भागवत. नाक्यावर माझं शिवणकामाचं दुकान आहे. शर्ट-पायजमे कमी अन् गाड्यांची सीटकव्हरं जास्त. घर मात्र तांड्याच्या तोंडाशी, देविदासच्या घराला लागून. मध्ये एक तुराट्यांचा कूड. त्या कुडातून दिसतं त्यापेक्षा ऐकू जास्त येतं, अन् मी ऐकतो त्यापेक्षा सांगतो जास्त, अशी माझी तांड्यात कीर्ती आहे.

तर गाडी आली त्या दिवशीच मी त्याला गाठलं.

"देविदास, नवरदेव दिसून राहिला लेका! पण वरातीला घोडा घेतला अन् साज बैलाचा?"

"हसा दादा," तो म्हणाला. "पण बैल बुटका असला की लादायला बरा असतो. गाठोडी बांधून उभं राह्यलं तर दोन्ही पाय जिमिनीला टेकतेत. तुमच्या उंच गाडीवर लादलं तर मीच गाठोडं व्हईन."

हे असं त्याचं सगळं बैलावरून. दोष त्याचा नाही. त्याच्या पणजोबांपर्यंत सगळे लदेणीवाले, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख पालथा घालणारे. ओळीतल्या पुढल्या बैलाच्या गळ्यात मोठी घंटा असायची. तिच्या आवाजावर मागचे बैल चालायचे, अन् मुक्कामावर आधी जाऊन बसलेल्या बायांना कळायचं की आपली माणसं येऊन राहिली, चुली पेटवा. पुढं लदेणी मोडली, बैल विकले, घराणं शेतीला लागलं, पण ती घंटा देविदासचा बाप भीमसिंगनं खुंटीला ठेवली. देविदासला बोलता यायच्या आधी घंटा वाजवता येत होती, असं त्याची आई मोतीबाई सांगायची.

मोतीबाईला सगळा तांडा याडीच म्हणतो; त्यांच्या बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. मीही म्हणतो. आता तिचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तिला दोन पोरं. थोरला दिपक. अठ्ठ्याण्णव साली तो दिवेलागणीला सायकल घेऊन नाक्यावर घासलेट आणायला गेला. परत येताना ट्रकनं उडवला. याडी इकडं भाकरी झाकून बसली होती. सायकलीला काय आवाज असतो? अंगणात पावलं वाजली तेव्हा तिला वाटलं, दिपक आला. "हात धू," म्हणाली ती. ती पावलं निरोप आणणाऱ्या लोकांची होती.

त्यानंतर तिची नजर हळूहळू अधू होत गेली. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू, बाया म्हणाल्या रडून रडून. पुढं ऑपरेशनही झालं, पण उपयोग नाही झाला; उजेड अन् सावली एवढंच उरलं. मात्र कान असे तयार झाले की मी कुडाआड विडी पेटवली तरी तिकडून आवाज यायचा, "भागवता, बायकू घरी न्हाई वाटतं." देविदासकडं तेव्हा जुनी फटफटी होती. नाक्याच्या वळणावर तिचा फडफडाट उठला की याडी सुनेला सांगायची, "संगिता, ताट वाढ. आला." त्याआधी घास घ्यायची नाही. हे वर्षानुवर्षं असंच.

आणि आता ही नवी गाडी. तिचा आवाज कसा, तर जेवण झालेल्या मांजरासारखा, अन् तोही रस्त्यावरच्या ट्रकांत बुडून जायचा. पहिल्याच संध्याकाळी देविदास अंगणात आला, गाडी लावली, अन् मोठ्या कौतुकानं आईच्या पुढं उभा राहिला. आई त्याच्याकडं तोंड करून, पण त्याच्या पलीकडं, वळणाकडं कान लावून बसलेली.

"याडी, आलो."

ती अशी दचकली की हातातली काठी त्याच्या नडगीवर बसली. "चोरावानी काहून येतू रे!"

मी कुडाआड पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी नाक्यावर नक्कलही करून दाखवली. पण मग रोजच तसं व्हायला लागलं तेव्हा हसू सरलं. म्हातारी अंधार पडेपर्यंत वळणाकडं कान लावून बसायची, मग हा अचानक समोर उभा राहायचा, अन् तिच्या छातीत धडधड सुरू व्हायची ती थांबायची नाही. ताट तसंच राहायचं. संगिता माझ्या बायकोला म्हणाली, "वैनी, अर्धी भाकर बी जात न्हाई त्यायला. हाडं मोजून घ्या."

म्हणून देविदास एके दिवशी संतराम मिस्त्रीच्या शेडखाली येऊन बसला. संतराम म्हणजे नाक्यावरचा जुना मेकॅनिक. तोंडात पान अन् बोलणं कंजूष. समोरच्या धाब्याचा तातेरावही चहा घेऊन आला होता. मी तर होतोच.

"मिस्तरी, गाडीला काही करायचं म्हणतो. पण आधी काय करावं?"

आता असा प्रश्न नाक्यावर विचारायचा असतो का?

"आधी हॉर्न," तातेराव म्हणाला. "ट्रकचा. वाजवला की म्हशी बाजूला अन् गिऱ्हाईक माझ्या धाब्यावर."

"आधी सीट," मी म्हणालो. "काळं रेक्झिन, लाल दोऱ्याची शिलाई, मागं टेकायला उशी. गाडीची इज्जत सीटवर असते."

"घ्या! टेलर बोलला. याच्या घरी मयत झाली तरी म्हणंल, आधी कव्हर शिवू."

"अन् तू म्हणशील, आधी भजे खा, मग उचलू."

संतराम पान थुंकून आला. "लादून फिरतो ना तू? मंग आधी पुढचा ब्रेक अन् मागचा टायर. त्याच्यानंतर चेनची पुढली गरारी एका दातानं बारीक करू, चढाला जोर भेटंल. अन् गाडीचा दमच वाढवायचा असला तर हवा, पेट्रोल अन् धूर, तिन्हीला संगंच हात लावा लागतो. एकट्याला लावला की बाकीचे रुसतेत."

देविदासनं सगळं ऐकून घेतलं अन् विचारलं, "आवाज वाढवायला काय लागतं?"

संतरामनं त्याच्याकडं पाहिलं. "तू बी कॉलेजातला झाला का?"

"याडीला ऐकू यावं एवढाच. वळणापसून."

"म्हणून तर म्हणलं, हॉर्न लाव," तातेराव म्हणाला.

"हॉर्न कुणाचा बी वाजतो दादा. अन् हात मारला तवाच वाजतो. मला चालीचा आवाज पाहिजे. चाक फिरलं की वाजला पाहिजे."

"मंग घंटाच बांध की बापाची!" हे मी म्हणालो.

तो हसला नाही. "बांधून पाह्यली. ट्रकाच्या आवाजात दबते. आता नाका पहिल्यावानी राह्यला न्हाई."

संतराम उठला अन् सायलेन्सर सोडायला लागला.

उरलेली दुपार मी काम सोडून बघत बसलो. असा तमाशा पुन्हा बघायला मिळाला नसता. संतराम सायलेन्सरच्या आतली जाळी थोडी थोडी कापायचा, बसवायचा, गाडी चालू करायचा. देविदास रस्त्यापलीकडं डोळे मिटून उभा. बाजारात घंटा निवडताना तो असाच उभा राहतो. टिचकी मारायची, कान लावायचा, मान हलवायची. इथंही तेच.

"न्हाई मिस्तरी. ह्यो पत्र्याचा आवाज हाय. काशाचा पाहिजे."

"सायलेन्सर हाय बाबा, देऊळ न्हाई."

"अजून थोडी काढा."

शेवटी जाळी पुरती निघाली. गाडीनं घसा मोकळा केला तसा जाड, घुमता आवाज आला. एका दमात दोन ठोके, मग बारीक थांबा, मग पुन्हा दोन. देविदासनं डोळे उघडले. "हाच."

संतरामनं काढलेली जाळी खिळ्याला अडकवली. "आता ऐक. धूर मोकळा झाला, म्हणजे आत हवा जास्त अन् पेट्रोल कमी पडणार. इंजिन गरम व्हईल. कार्बुरेटरमधला जेट बदलावा लागतो, मोठ्या भोकाचा. नांदेडहून मागवतो. तवर हळू चालव, अन् लांब जाऊ नको."

"घंटा बांधली म्हणून बैल थकतो का, मिस्तरी?"

"बैलाची घंटा गळ्यात असती. तू बैलाच्या नाकपुड्या कापल्यात."

आम्ही तिघंही खदाखदा हसलो. संतराम सोडून.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम घरी लवकर गेलो अन् कुडापाशी उभा राहिलो. याडी अंगणात बसलेली. मला अजून काही ऐकू आलं नव्हतं, तेवढ्यात तिचा हात वर झाला. मग मलाही ऐकू आलं. वळणावरून तो आवाज सोयाबीनच्या रानावरून सरळ आमच्याकडं आला, मध्ये ट्रक गेला तरी त्याच्या खालून वाजत राहिला. याडीनं मान एका बाजूला कलती केली. नवा आवाज होता, कुणी तिला सांगितलंही नव्हतं.

"संगिता," ती म्हणाली, "ताट वाढ."

पूर्ण भाकरी खाल्ली तिनं. वर मिरचीचा ठेचा मागून घेतला.

तांड्यानं मग तक्रारी केल्या, त्या वेगळ्या. माझ्या कोंबड्या अंडी देईनात. तातेराव म्हणायचा, हा धाब्यापुढून गेला की बशीतला चहा कपात परत जातो. देविदास सगळ्यांपुढं हात जोडायचा अन् रोज संध्याकाळी वळणावर मुद्दाम जरा जास्त पीळ द्यायचा. मी त्याला म्होरक्या, म्हणजे ओळीतला पुढला बैल, म्हणायला लागलो. त्याला ते आवडलं.

श्रावण सरत आला. पोळा तोंडावर. देविदासचं वर्ष म्हणजे हेच थोडे दिवस. ट्रॅक्टर आल्यापासून बाकीच्या दिवसांत घुंगरमाळा कोण घेतो? तो एकही बाजार चुकवेना. नांदेडहून जेट आला तेव्हा संतरामनं त्याला हाक मारून थांबवलं अन् प्लग खोलून दाखवला.

"हा पाहा. भाजल्या भाकरीच्या रंगाचा पाहिजे. अन् हा चुलीतल्या राखेवानी पांढरा. आत आग लागून राहिली. गाडी ठेव इथंच. उद्या बसवतो."

"उद्या औंढ्याला जायचं."

"परवा मंग."

"पोळा झाला की सावकाश बसवा मिस्तरी. उलट आता जास्तच पळती ती."

"गरम बैल बी पळतो," संतराम म्हणाला. "पडायच्या आधी."

देविदासनं गाठोडी आवळली अन् निघून गेला. बैल थकला की त्याला कळायचं. बैल तोंडाला फेस आणतो, कान पाडतो, पाय ओढतो. ही गाडी यातलं काहीच करत नव्हती. खणखणीत वाजत होती. अन् त्याच्या घराण्यात घंटा खणखणीत वाजते तोवर बैलाला धाड भरलेली नसते.

पोळ्याला अजून थोडे दिवस होते. पाऊस दडी मारून बसलेला, भाद्रपदाआधीच भाद्रपदाचं ऊन. मी दिवेलागणीला ओट्यावर चहा पीत होतो. वळणावर तो आवाज उठला. तिकडं ताटाची भांडी वाजली. मी बशी ओठाला लावली, अन् कुडापलीकडून याडीचा आवाज आला.

"भागवता."

"काय याडी?"

"आला व्हता. थांबला."

"पेट्रोल संपलं असंल. न्हाईतर तातेरावच्या भज्याचा वास आला असंल."

"भज्याला थांबतो तवा आधी हळू व्हतो." ती कुडाला धरून उभी राहिली होती. "ह्यो हळू झाला न्हाई. मधीच तुटला."

माझ्या तोंडाशी आणखी एक चेष्टा आली होती. पण कुडाच्या फटीतून तिचा चेहरा दिसला, अन् मी चहा ठेवून सायकल काढली.

तो वळणाच्या अलीकडं, रस्त्याखालच्या मोरीपाशी पडलेला होता. पिस्टन आत चिकटला, मागचं चाक दगडासारखं जाम झालं, अन् भरधाव गाडी गाठोड्यांसकट आडवी झाली. उजवा पाय गाडीखाली, त्याच्यावर तो तापलेला सायलेन्सर. जळाल्याचा वास येत होता. गाठोडं फुटून सगळ्या घंटा रस्त्यावर पसरलेल्या. एक ट्रक आला, त्याला मी हात करेपर्यंत तो त्यांच्यावरून गेला, अन् मग थांबला. तो ट्रकवालाच गाडी उचलू लागला. देविदास शुद्धीवर होता. मला म्हणाला, "दादा, याडीला सांगा, आलो म्हणून."

सांगायला कोण जाणार? आम्ही त्याला त्याच ट्रकात घालून हिंगोलीला नेलं. तिथून नांदेडला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणला म्हणून जीव राहिला, अजून थोडा वेळ मोरीपाशी पडून असता तर रक्त वाहूनच गेला असता. पाय राहिला, पण गुडघ्यात वाकेना. पोळा दवाखान्यातच गेला. तांड्यात त्या वर्षी बैलांना जुनेच साज चढले.

पुढं बरेच महिने देविदास ओट्यावर पाय लांब करून बसलेला असायचा, आईच्या हाताला लागेल एवढ्या अंतरावर. तरी दिवेलागण झाली की याडीचं तोंड वळणाकडं फिरायचं.

"याडी, मी हितंच हाव."

"माहीत हाय," ती म्हणायची. पण तोंड तिकडंच.

संतरामनं इंजिन उघडलं. पिस्टन लिंपल्यासारखा झाला होता. त्यानं सगळं नवं बसवलं, खिळ्यावरची जाळी काढून परत सायलेन्सरमध्ये डकवली, अन् गाडी होती तशी मांजर करून दिली. पुढचा ब्रेक अन् मागचा टायरही बदलला, कुणी न सांगता. मीही सीट शिवून दिली, लाल दोऱ्यानं. त्या वेळी तातेराव माझ्यावर काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

अन् एक खरं. ताठ पाय घेऊन देविदासला दुसरी कुठली गाडी चालवताच आली नसती. ही ठेंगणी, पाय पुढं सोडायची; हिच्यावर तो बसू शकला. पुढल्या उन्हाळ्यात तो पुन्हा बाजार करायला लागला. गाठोडी लहान झाली. लोकांनी घंटा घेणं तसंही कमीच केलं होतं.

मग एके दिवशी संतराम स्वतःच तांड्यात आला. असा तो कुणाच्या घरी जात नाही. हातात कागदाची पुडी. "तोच जेट हाय. आता हवा, पेट्रोल, धूर, तिन्ही बराबर करून देतो. आवाज पहिल्यावानी येईल अन् इंजिनाला तकलीफ व्हणार न्हाई. हे आता माझ्यावर सोड."

देविदासचा चेहरा उजळला. दवाखान्यातून आल्यापासून तसा मी तो पाहिला नव्हता. तो आईकडं वळला. "ऐकलं का याडी? पुन्ना वळणापसून ऐकू येईन तुला."

याडी काहीतरी निवडत बसली होती. तिचे हात थांबले.

"नको."

"काहून? बराबर करून देऊन राहिले मिस्तरी."

"मिस्तरीवर माझा भरवसा हाय."

"मंग तुला कळायचं कसं मी आलो ते?"

"न्हाई कळलं तरी चालंल." तिनं निवडण बाजूला सारलं. "दिपकचं मला एकदाच कळलं, सगळं झाल्यावर. तुझ्या टायमाला मी ताट वाढ म्हणलं, संगितानं वाढलं, अन् मंग तुटला. आता आवाज आला की मी वाढ म्हणू का नको म्हणू? वळणापसून अंगणापस्तोर रोज मी त्याच्या संगं चालू का, आता तुटंल, आता तुटंल म्हणत?"

शांतता मला सोसत नाही, हे माझं जुनं दुखणं. मी म्हणालो, "मंग याडी, याच्याच गळ्यात घंटा बांधू का?"

देविदास थोडा हसला, माझी लाज राखायला. संतरामनं पुडी खिशात घातली. "ठेवतो माझ्याकडं," म्हणाला, अन् चालत नाक्याकडं गेला. ती पुडी त्याच्या शेडमध्ये अजून असेल.

आता संध्याकाळी असं असतं. याडी अंगणात बसलेली असते, ताट झाकलेलं असतं. देविदास आला तरी तिला ऐकू येत नाही. मध्ये ट्रक फार, अन् गाडी मऊ. तो अंगणाच्या तोंडाशीच उतरतो, पाय ओढत येतो, बोलत नाही, कारण बोललं की ती दचकते. जवळ बसून तिचा हात आपल्या ताठ गुडघ्यावर ठेवतो. हात तो गुडघा चाचपतो. मग ती म्हणते, "आलास." मग अर्धी भाकर खाते. कधी तीही नाही.

माझ्या ओट्यावरून वळण दिसतं. त्याच्या गाडीचा दिवा मला तिच्या कितीतरी आधी दिसतो, मोरीपाशी जरा हळू होतो अन् पुढं येतो. रोज माझ्या तोंडापर्यंत येतं, याडी, आला बघ. कुणाच्या घरात काय शिजतं हे सगळ्या नाक्याला सांगणारा मी. पण दिवा मोरी ओलांडून अंगणाशी येईपर्यंत मी चहाची बशी तोंडाला लावून बसतो, अन् तिला काही सांगत नाही.